दहिवलीचं रिव्हॉल्व्हर

आबा, खालापूरचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आता मी चालवते. तुम्ही गेल्यावर परवाना माझ्या नावावर व्हायला पुष्कळ हेलपाटे पडले, पण झाला. रानडुकरांसाठी बंदूक बाळगणारे शेतकरी अजून येतात, आणि रस्त्यालगतच्या जमिनींना भाव आल्यापासून कमरेला रिव्हॉल्व्हर लावणारेही वाढलेत. त्यातला एक गेल्या महिन्यात आला होता. त्याच्याबद्दल लिहितेय, कारण घरी सांगितलं तर दुकान बंद कर म्हणतील.

दुपारी मी एकटीच होते. दहिवलीचा, चाळिशीतला माणूस, डोळे लाल, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. त्यानं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं ते नळी सरळ माझ्या पोटाकडे करून. "फुटत नाय, ताई. नुसतं खट् वाजतं. नि जी काडतुसं आधी फुटली त्यांच्या पुंगळ्या भायेर येत नायत." मी विचारलं, "भरलेलं आहे?" तर म्हणतो, "हाय की. पण फुटतंय कुठं?" न फुटणाऱ्या हत्याराला जास्त भ्यायचं, हे तुम्ही लहानपणापासून डोक्यात भरलेलं. मी त्याला दोन पावलं मागं व्हायला सांगितलं, बोट घोड्यापासून नि चापापासून लांब ठेवून नळी वाळूच्या पेटीकडे वळवली आणि काडतुसांची चक्री बाजूला काढली. नळी वर करून चक्रीचा, काडतुसं बाहेर ढकलणारा दांडा दाबला तशी जिवंत काडतुसं हातात पडली. रिकाम्या पुंगळ्या मात्र आतच अडकल्या.

त्या मी पुढून लाकडी काडी घालून हलकेच ठोकत बाहेर काढल्या. चक्रीची घरं काजळीनं माखलेली, आणि पुंगळ्या उचलणाऱ्या चांदणीखाली अर्धवट जळलेल्या दारूचे कण. वर्षानुवर्षं फडकं फिरलं नसणार. पुंगळ्यांचं कारण एवढंच होतं, तसं मी त्याला सांगितलं. मग न फुटलेली काडतुसं पाहिली. त्यांच्या बुडाच्या टोपीवर, जिथं घोडा आदळतो तिथं, नखानं टोचावं तेवढीच खूण. घोडा पडत होता, पण त्याच्यात जोर नव्हता. "लवकर कर," तो म्हणाला, "उद्या जमिनीची मोजणी हाय. भावाला एकदा दाखवायचंच हाय मला." काय दाखवायचं ते मी विचारलं नाही. मुठीच्या पुढच्या बाजूचा, घोड्याची स्प्रिंग ताणून धरणारा स्क्रू पाहिला. चांगलाच सैल होता. त्याच्या खाचेवर ताजे, चकचकीत ओरखडे होते, पेचकसाचे नव्हेत, घरातल्या सुरीचं टोक घसरत गेल्यासारखे. बाकीच्या स्क्रूंवरही तसेच, पण ते हललेले नव्हते. रिव्हॉल्व्हर आपोआप बिघडलेलं नव्हतं, आबा. त्याच्या घरातल्याच कोणीतरी ते मुकं केलं होतं.

त्या क्षणी मला तुमचा तो दिवस आठवला. खोपोलीच्या एकाचं रिव्हॉल्व्हर तुम्ही चहा निवायच्या आत नीट करून दिलं होतं, आणि पुढं त्याच्या चुलतभावाच्या खांद्यात गोळी घुसली. पोलीस विचारपूस करून गेले, तुमच्याकडे बोट दाखवण्यासारखं काही नव्हतंच. संध्याकाळी तुम्ही ताटावरून उठलात. मी म्हणाले, "तुमचा काय दोष?" तुम्ही हात धूत होतात. "दोष नाय गं. पण हात माझाच लागलेला."

स्क्रू आवळला असता तर काम झालं असतं. मी पेचकस उचलला आणि आवळण्याऐवजी मूठ काढली, बाजूची पट्टी उघडली, स्प्रिंग, घोडा, बारीकसारीक सगळं त्याच्यासमोर ट्रेमध्ये मांडत गेले. "स्प्रिंग बसलीय, जोर गेलाय तिचा. सामान पुण्याहून मागवावं लागेल," खोटंच म्हणाले. तो काउंटरवर वाकला. तोंडाला दारूचा वास नव्हता, त्यानं मी जास्तच घाबरले. "तुझा बाप असता तर उभ्या उभ्या करून दिलं असतं." मी म्हणाले, "दिलं असतं." "मग तसंच परत दे." "न्या की. हे असं सुटं पिशवीत घालून देते. पुन्हा जोडायचं तुम्ही बघा." तो ट्रेकडे बघत राहिला. त्यानं काउंटरवर मूठ आपटली, तशी स्प्रिंग उडून खाली पडली. दोघांपैकी कोणीच ती उचलायला वाकलं नाही. शेवटी त्यानं पावती घेतली आणि गेला. बाहेर गाडीत बराच वेळ नुसता बसून होता.

मोजणीच्या दिवशी भाऊ एकमेकांच्या अंगावर गेले. ढेकळं फेकली, एकाचा ओठ फुटला, गाववाल्यांनी सोडवलं. हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं. आठवड्यानं ती आली आणि दारातूनच विचारलं, "झालं का वो ते?" मी नाही म्हणाले तशी ती आत येऊन स्टुलावर बसली. मी तो स्क्रू तिच्यापुढं ठेवला. तिनं पदर तोंडाला लावला. "सुरीनं केलं, ताई. मला काय कळतंय त्यातलं? दिसंल तो फिरवला, हा एकच फिरला." मग म्हणाली, "वाईट नाय हो माणूस. पण त्या भावाला मीच हातानं भरवलाय, पोर होता तवा." हे रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा करून घ्या असा अर्ज देता येतो, मी सोबत येते, असं मी सांगितलं. बघते म्हणाली. अजून आलेली नाही.

आज त्याचा फोन आला. आवाज खाली आलेला. "ताई, आलं का सामान?" मी म्हणाले, नाही आलं. तो म्हणाला, "घाई नाय. येईल तवा येऊ दे." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण कधीतरी ते जोडून त्याच्या हातात द्यावंच लागणार; फोन ठेवल्यावर शटर अर्धं ओढलं नि खाली बसून राहिले. तुम्हाला वाटायचं मी या धंद्यात घाबरत नाही, चारचौघांत सांगायचात तसं. मी घाबरते, आबा. पहिल्यापासून. तुम्ही असताना बोलले नाही, आणि आताही हे लिहून काउंटरच्या खणात टाकणार आहे.