पूर्वेकडच्या खिडक्या

प्रिय दादा,

काल भेटीत तू पहिल्यांदाच बाबांची चौकशी केलीस. मी म्हटलं, "गुडघे धरलेत रे त्यांचे." ते खोटं होतं. बाबा गेले, दादा. महिना होत आला. तू सुटेपर्यंत तुला कळू द्यायचं नाही, अशी आईनं शपथ घातलीय, म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहणार.

गोऱ्या सरकारच्या इमारतींचे आराखडे काढण्यात त्यांचा जन्म गेला. सरकारविरुद्ध बोललास म्हणून तू कोंडला गेलास, तेही बाबांनीच आखलेल्या तुरुंगात. "साहेबाच्या गवंड्याला मला भेटायचं नाही," असा निरोप तू धाडलास, तेव्हा ते फाटकाशी उभे होते. घरी येऊन एवढंच म्हणाले, "आवाज खणखणीत आहे म्हणे. तब्येत बरी असणार."

साहेबाला त्या कोठड्यांना खिडक्याच नको होत्या, हे मला आईकडून कळलं. "ओल धरून भिंती कोसळतील," अशी भीती घालून बाबांनी प्रत्येक कोठडीला पूर्वेकडे खिडकी मिळवली. भिंतींना काही होणार नव्हतं. शेवटी शेवटी उजाडलं की ते म्हणायचे, "आता त्याच्याकडे ऊन आलं असेल."

काल निघताना तू म्हणालास, "त्यांना सांग, माझा राग गेला." मी "सांगते" म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं.

"महिनाभर आधी बोलायला काय धाड भरली होती त्याला!" ती ओरडली, आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही ती रडली नव्हती.

तुझीच,
बडबडी