थंडीचं बोलणं

घाटंजी,
२० जानेवारी २००२

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. आईबाबा बरे आहेत. कापूस वेचून झाला, पण भाव नाही म्हणून अजून घरातच आहे. पाहुणे आले की बाबा सांगतात, गादी कायले पाहिजे, याच्यावरच झोपा. आईचं रोज एकच असतं, त्याले स्वेटर पुरते का नाही ते इचार.

माझं काम वेगळं आहे. यवतमाळला वादविवाद स्पर्धा आहे. विषय असा: 'शत्रूने वार करण्याआधी आपणच वार करावा.' आमच्या कॉलेजकडून मी आणि मोनाली जातो आहोत. चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा 'वार करावा' माझ्या वाट्याला आलं आणि 'बोलणी करावी' तिच्या. बाबा म्हणतात, वकिलासारखं बोल. पण शाळेच्या आधी त्यांनीच घरी पाटी घेऊन शिकवलं, तेव्हा माहीत नाही ते बोलू नको, असं बजावलं होतं. आता काय करू?

चौकातले सगळे माझ्या बाजूचे आहेत. पानठेल्यावरचे डोंगरसिंगकाका म्हणाले, पन्नास वर्सं बोलूनच राह्यले, भेटलं काय? तू तिथे उभा आहेस. तुला काय वाटतं ते खरं लिही, मला बरं वाटावं म्हणून लिहू नको.

माया आहे ती असू दे.
तुझी,
उर्वशी


सीमेवरून,
३ फेब्रुवारी

चि. उर्वशीस,
जयभीम आणि मंगलकामना.

फौजेच्या टपालातलं पत्र आधी साहेब वाचतात. हे पत्र आमच्या तुकडीतला लालसिंग घेऊन येतोय. तो सुट्टीवर दिग्रसकडे, त्याच्या तांड्यावर चाललाय, तिकडेच पेटीत टाकेल. म्हणून मोकळं लिहितो.

वार करावा म्हणणाऱ्या मुलीला घरातलं झुरळ मारवत नाही, हे परीक्षकांना कळू देऊ नको.

आम्ही शेतांत सुरुंग पेरतोय. ते येतील म्हणून आम्ही पेरतो, आम्ही येऊ म्हणून ते पेरतात. अजून कोणीच आलं नाही, पण शेतं गेली. इथे कापूसच होतो. मला पऱ्हाटी कळते हे एका म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं, तेव्हापासून तो मलाच विचारतो, पेरणीपर्यंत काढाल ना हे? मी हो म्हणतो. खोटं आहे.

तो सांगतो, पूर्वी त्याची म्हैस पलीकडे गेली की दोन्हीकडचे साहेब पांढरा झेंडा लावून अर्धा तास बसायचे, चहा व्हायचा, म्हैस परत यायची. डिसेंबरपासून ती बैठक बंद आहे. परवा म्हैस पुन्हा निघाली. अर्धी वाटही गेली नाही.

मला काय वाटतं विचारतेस. पहारा लांबला की वाटतं, आपणच आधी घुसावं आणि एकदाचं संपवावं. पण चहा पोटात गेला की कळतं, ते बोलणं थंडीचं होतं, माझं नव्हतं.

हे तुझ्याजवळ राहू दे. आईला म्हणावं, स्वेटर पुरतो.

तुझा दादा,
संघर्ष


घाटंजी,
१९ फेब्रुवारी

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

मला पहिल्या नंबरची ढाल मिळाली. कशी, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मध्येच भाषण अडकलं. समोर दोनतीनशे मुलं आणि पुढचं काही आठवेना. टिपणांमध्ये तुझं पत्र होतं. मी म्हणाले, माझा भाऊ आज सीमेवर उभा आहे, त्याचे शब्द ऐका. आणि वाचलं, आपणच आधी घुसावं आणि एकदाचं संपवावं. तिथेच थांबले. टाळ्या संपेचनात, मग घंटा झाली. घंटा झाली नसती तरी पुढचं मी वाचलं नसतं, असं मला वाटतं.

मोनालीला मी ते पत्र दाखवलं होतं. तिने आधीच विचारलं होतं, म्हशीची गोष्ट माझ्या भाषणात सांगू का. दादाने ते मलाच लिहिलंय म्हणून मी नाही म्हटलं होतं. परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही.

पेपरात फोटो आला आहे, खाली तुझं नाव आणि ते वाक्य. बाबांनी कात्रण काढलं, हिंदीत पत्र लिहिलं, की आपका जवान कैसा है देखिए, आणि तुमच्या साहेबांच्या नावे रजिस्टर करून आले. मी कॉलेजात होते. चिडला असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी माया कमी होऊ नये, एवढंच मागणं.
उर्वशी


सीमेवरून,
१५ मार्च

चि. उर्वशीस,
जयभीम.

हे टपालाने येतंय. साहेब वाचतील. त्यांना सगळं ठाऊक आहे.

साहेबांपुढे माझी पेशी झाली. साहेबांनी विचारलं, हे तुझंच वाक्य आहे का. हो म्हणालो. पुढचं सांगायला लागलो तर म्हणाले, बस. वाक्य त्यांना आवडलं. पत्र टपालाबाहेरून गेलं, ते आवडलं नाही. पत्र कोणी नेलं हे मी सांगितलं नाही, पण त्या तारखेला सुट्टीवर एकटा लालसिंगच गेला होता. मला नुसती ताकीद मिळाली, त्याला चौदा दिवस कोठडी झाली. त्याने मला एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

ते कात्रण पोरांनी लंगरमध्ये चिकटवलंय. जेवायला गेलो की पाठीवर थाप मारतात, वा संघर्ष, अपने दिल की बात लिखी.

बाबांना काही बोलू नको. त्यांनी आनंदाने केलं. तू मात्र पुढची ओळ वाचलेली होतीस.

यापुढे साहेबांना दाखवता येईल तेवढंच लिहीन.

संघर्ष


घाटंजी,
२ एप्रिल

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्राला हात लावायची हिंमत दोन दिवस झाली नाही.

पेपरवाल्यांना मी पूर्ण वाक्य लिहून पाठवलं. छापलं नाही. ढाल परत करायला यवतमाळला गेले, तर तिथले सर हसले. म्हणाले, परत घ्यायचा नियम नाही, आणि तू खोटं काय वाचलंस? भावानेच लिहिलं होतं ना? ढाल परत घेऊन आले. आईने ती फोटोंशेजारी मांडली आहे.

लालसिंगच्या घरी जाऊन आले. त्याची आई लालीबाई हिला कोठडीचं कळलेलं नाही. पोरगा कामात आहे म्हणून चिठ्ठी नाही, असं तिनेच मला समजावलं, वर चहा पाजला. तो पिऊन मी निघाले.

रेडिओवर सांगितलं, सीमेवर सुरुंग फुटून जवान जखमी झाले. तुमच्याकडचे का? तो म्हातारा कसा आहे? शिव्या दे, पण कळव.

माया मागायचा हक्क नाही, तरी मागते.
उर्वशी


सीमेवरून,
२० एप्रिल

चि. उर्वशीस,
जयभीम.

पत्र मिळाले. मी खुशाल आहे. येथील हवामान चांगले आहे. जेवण वेळेवर मिळते. सर्व जवान मजेत आहेत. आईबाबांना जयभीम सांगावा. काळजी नसावी.

संघर्ष


घाटंजी,
३० एप्रिल

आदरणीय दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुला एक कधी सांगितलं नव्हतं. आईला तुझी पत्रं मी गाळून वाचून दाखवायचे. सुरुंग गाळायचे, थंडी गाळायचे, म्हैस तर बाबांनाही सांगितली नाही. त्या जागी जेवण, हवा, मित्र असं काहीबाही मनाने घालायचे.

या वेळी पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं वाचलं. आईने विचारलं, सरलं? मी म्हणाले, एवढंच आहे. ती म्हणाली, बरा आहे म्हंजे पोरगा, आणि निवांत कामाला लागली.

दादा, मला भीती वाटेल असं काहीतरी लिही.

तुझी,
उर्वशी