आठवा रॉड

बाबा, आज दूध करपलं. मी शेजारच्याच खोलीत होते, वास आल्याबरोबर उठले, तरी पातेलं गेलंच. खरवडताना तुम्ही आठवलात. शहाडच्या आपल्या घरात तुम्ही स्टोव्हपाशी बसून पेपर वाचायचात, बाजूला डाळ करपून काळी व्हायची आणि तुम्हाला पत्ताही नसायचा. आई बाहेरून धावत यायची, नाक आहे की नाही तुम्हाला, असं ओरडायची आणि बोलून गेल्यावर तीच जीभ चावायची. क्रोमच्या टाकीच्या वाफांनी तुमच्या नाकातला पडदा केव्हाच खाल्ला होता. तुम्ही हसून म्हणायचात, बरंच आहे की, नाल्याच्या पुलावरून जाताना मी एकटाच मजेत असतो. आता इथे कुळगावात मी एकटी आहे. करपलेल्या दुधाबद्दल बोलायलाही कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

कॅम्प दोनमधल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही हायड्रॉलिक प्रेसच्या पोलादी रॉडवर हार्ड क्रोम चढवायचात. रॉड दिवसभर सिलिंडरमध्ये घासत राहतो. नुसतं पोलाद झिजतं, क्रोमची साय चढली की वर्षानुवर्षं टिकतं, हे तुम्ही मला शाळेत असताना जेवता जेवता समजावलं होतं. बाकीचे लोक जाड थर चढवायचे आणि मग ग्राइंडरवर घासून मापात आणायचे. तुमचा रॉड टाकीतूनच मापात निघायचा. केवढा तोरा होता तुम्हाला त्याचा! टाकीतून काढला की तो लगेच भट्टीत जायचा. काही तास भाजायचाच, नाहीतर टाकीत आत शिरलेल्या वायूने कडक पोलाद चार दिवसांनी आपसूक तडकतं. या बाबतीत तुम्ही कुणाची घाई ऐकून घेतली नाहीत, अगदी मालकाचीही.

डिप्लोमा करून मी अंबरनाथच्या कारखान्यात माल तपासायला लागले, तेव्हा त्या खात्यात बाई अशी मी एकटीच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी कधी चुकते याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. तुमच्या शेडचा माल आमच्याकडेच यायचा. पहिल्यांदा टेम्पोतून उतरलात आणि स्टोअरच्या माणसांसमोर तुम्ही मला मॅडम म्हणालात. मला हसू आलं, तुम्हाला नाही. घरी आल्यावर सांगितलंत, गेटच्या आत मी माल देणारा आणि तू तपासणारी, तिथे बाप-लेक आणायचं नाही. मला ते फार आवडलं होतं.

मग तो मे महिना. आमच्या प्रेसचं काम आठ रॉडवाचून अडलं होतं, म्हणून तुम्ही ते भट्टीतून काढून गोणपाटात गुंडाळलेत आणि तसेच घेऊन आलात. मी सुती हातमोजे घातले होते. मापताना घामाचा हात क्रोमला लावायचा नाही, ही शिकवण तुमचीच. पहिला रॉड मापते तर वीस मायक्रॉन जास्त. दुसराही तेवढाच. आठच्या आठ रॉड नेमके तेवढेच जास्त कसे, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी नापास मालाची लाल लेबलं लिहायला घेतली. तुम्ही जवळ येऊन हळूच म्हणालात, "मॅडम, मोजे काढून जरा हात लावून बघा. माल गरम आहे अजून."

मागे स्टोअरची चार माणसं उभी होती. एक जण गालातल्या गालात हसला. मला वाटलं, बाप लेकीकडे सवलत मागतोय असंच यांना वाटणार. मी मान वर न करता म्हटलं, "मापात बसत नाही. परत न्या."

तुम्ही सात रॉड पुन्हा गोणपाटात गुंडाळलेत. आठवा नमुना म्हणून माझ्या टेबलावर राहिला. त्या संध्याकाळी शेडमध्ये थंड झालेले रॉड तुम्ही मालकाला मापून दाखवले होते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तो म्हणाला होता, "दादा, कंपनी बोलती है तो गलत ही होगा. अब हाथ गया तुम्हारा." सगळं क्रोम उतरवून नव्याने चढवायला सांगितलं त्याने.

सकाळी कामावर जाऊन मी आठवा रॉड उघड्या हाताने उचलला. थंडगार होता, रात्रभरात निवून आकसलेला. तीनदा मापला. तिन्ही वेळा बरोबर, केसभरही इकडेतिकडे नाही. साडेआठ वाजले होते. तुमची शेड दहाला उघडायची. दुपारी टेम्पोवाला सांगून गेला की सातही रॉड ॲसिडमध्ये गेले.

चार दिवसांनी तुम्ही ते सात घेऊन आलात. ॲसिडच्या वाफांनी डोळे लाल झालेले, आवाज बसलेला. माझ्या टेबलावरच्या आठव्यावर तुम्ही तळहात ठेवलात आणि बराच वेळ तसाच ठेवलात. लाल लेबल त्याच्यावर अजून होतं. "राहू द्या, मॅडम," तुम्ही म्हणालात, "आठवा मी नवीन करून देतो."

गेटच्या आतली गोष्ट तुम्ही घरी एकदाच काढलीत, त्या दिवशी ताटावर बसल्यावर. आठवा थंड झाल्यावर मापलास का, विचारलंत. मी हो म्हटलं, सकाळीच मापला, मापात आहे.

"मग शेडमध्ये फोन करायचास."

"केला होता. लाइन डेड होती."

तुम्ही मान हलवलीत. तेव्हा लाइनी डेड असायच्याच. आई माझ्यावर चिडली, तर तुम्ही तिला थांबवलंत, लाइनच बंद तर पोर काय करणार, म्हणालात आणि तिला मला आणखी भात वाढायला सांगितलंत. पुढे आईने कधीही तो विषय काढला की तुम्ही हेच सांगायचात. तुम्ही गेलात त्या वर्षीही सांगितलंत.

तो रॉड मी भंगारात जाऊ दिला नाही. माझ्या कपाटात आहे, गोणपाटातच. कधीच कशात बसला नाही, त्यामुळे झिजलाही नाही. ही पानं त्याच्याभोवतीच गुंडाळून ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार.

बाबा, लाइन चालू होती. त्या सकाळी दहाला मी रिसीव्हर कानाला लावला होता, टोन येत होता. स्टोअरमधला तो हसणारा माणूस समोरून गेला आणि मी रिसीव्हर खाली ठेवला.