भोरड्यांचं गाव

वाडी, वडूजजवळ
ता. १४ फेब्रुवारी १९७४

चि. जोतीराम यास बिराप्पादादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमी समदी खुशाल हाय. दोन सालं दुष्काळानं पोळल्यावर औंदा पयल्यांदाच शाळूचा जोंधळा डोक्याएवढा उंच झालाय. दाणा भरला आणि भोरड्यांची धाड आली. काळ्या डोक्याची, गुलाबी पोटाची ही पाखरं म्हंजी चोरांची पलटण! मी रानातल्या माळ्यावर उभा ऱ्हाऊन गोफण मारतो, तुजी वहिनी तानू पत्रा बडवती. इकडनं उठवली की तिकडं बसत्यात.

तवा एंड्रिन ह्या जहरी औषधाची बाटली आणलीया. गेल्या साली चावडीपुढच्या पारावर तूच गरजला हुतास, की जुनं सोडा, औषधं वापरा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीबी वाजवल्या. आता जोंधळा त्यात भिजवून बांधावर पसरणार. आणखी आठ जण माजं बघून तसंच करणार हायत. तू हायस्कुलातला मास्तर, तर किती पाण्यात किती घालायचं ते लवकर कळीव.

तानू म्हणती, वरडून तिचा घसा बसलाय. तू वर्गात पोरांवर वरडतोस, त्यातला थोडा आवाज पोस्टानं धाड.

तुजा दादा,
बिराप्पा

सांगली
ता. १८ फेब्रुवारी १९७४

तीर्थरूप दादांस जोतीरामचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र शनिवारी मिळालं. प्रमाण शोधायला पुस्तक उघडलं आणि वाटलं, ज्यांना मारायचं ती पाखरं एकदा नीट बघावीत तरी. आपलं सारं लहानपण त्यांना हाकलण्यात गेलं. हाकलणाऱ्याला पाखराची फक्त पाठ दिसते. म्हणून काल रविवारी उजाडता उजाडता इथल्या आमराईत जाऊन बसलो. भाकरी बांधून नेली होती. दिवस बुडेपर्यंत उठलो नाही.

बागेच्या कडेला सावर फुललीय. झाडावर पान नाही, नुसती लाल फुलं. ऊन आलं तशा भोरड्या आल्या. फुलात डोकं खुपसून मध प्यायच्या आणि बाहेर यायच्या तेव्हा कपाळाला पिवळा पराग. खंडोबाला जाऊन भंडारा लावून आल्यासारख्या! दुपारी त्या गवतात उतरून नाकतोडे टिपू लागल्या. पुढची ओळ टिपते, मागची तिच्यावरून उडून पुढं बसते. वहिनी आणि बायका खुरपणीला पात धरतात, तशीच शिस्त.

पण दादा, दिवस मावळताना जे झालं ते सांगायला माझ्यासारख्या बोलघेवड्याकडं शब्द नाहीत. चारी दिशांनी थवे आले आणि एक झाले. कुणी आभाळभर घोंगडं झटकावं तसा तो थवा वळला, विरळ झाला, पुन्हा दाट झाला. डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा आवाज ओढ्याला पाणी आल्यासारखा. हुकूम देणारा कुणी नाही, तरी एकाचा धक्का दुसऱ्याला नाही. बागेतला फुटाणेवाला गिऱ्हाईक सोडून वर बघत राहिला. मी वीस वर्षं एकजुटीवर भाषणं ठोकली. एकजूट काल पाहिली!

ही पाखरं हिमालयापलीकडच्या माळांवर जन्मतात, तिथं टोळ खाऊन पिलं वाढवतात. महिन्याभरात ती घरी निघतील. वाटेची शिदोरी आपण विषात कालवायची? आणि ते दाणे होल्यांनी, चिमण्यांनी टिपले तर? पारावर मी गरजलो ते अर्धं वाचून. प्रमाण कळवत नाही. बाटली उघडू नका, एवढं मागतो.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी धाकट्याला पदरात घ्या.

आपला,
जोतीराम

वाडी
ता. २३ फेब्रुवारी १९७४

चि. जोतीराम यास आशीर्वाद.

पत्र ऐकून तानू इरघळली. मी न्हाई. बागंत बसून भोरड्या गोड लागणारच गड्या, तुजा पगार काय त्या टिपून नेत न्हाईत. ह्यो शाळू गेला तर औंदाबी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं का आमी?

आणि ह्ये कुठलं रं मर्दाचं काम, भाषण पारावर ठोकायचं आणि माघार पाकिटातनं घ्यायची? आठ जण माज्या तोंडाकडं बघत्यात. चुकला असशील तर हितं यिऊन, त्याच पारावर उभा ऱ्हाऊन सांग. शनवारपातूर थांबतो. ऐतवारी दाणं पसरणार.

बिराप्पा

सांगली
ता. २६ फेब्रुवारी १९७४

ती. दादांस सा. न.

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं निघतो. लोक हसतील. सभेत आजवर खूप हशा पिकवला, पण तो नेहमी दुसऱ्यावर होता. खरं सांगतो, या वेळी भीती वाटते.

एकच मागणं आहे. मी बोलण्याआधी संध्याकाळी तुम्ही माझ्याबरोबर माळ्यावर बसायचं. हात हलवायचा नाही, हाकारा द्यायचा नाही. नुसतं बघायचं.

आपला,
जोतीराम

वाडी
ता. २८ मार्च १९७४

चि. जोतीराम यास दादा-वहिनीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुजं कसं चाललंय? त्या दिशी पारावर तू चुकलो म्हणालास तवा त्या आठांतला गुंडा फिदीफिदी हसला, आणि माजी मान खाली गेली. आता सांगतो, ती लाजेनं न्हाई गेली. चाळीस सालं माळ्यावर हुबा ऱ्हायलो, पण तुज्याशेजारी बसलो त्या सांजंला जे बघितलं ते कवाच बघितलं नव्हतं. त्येच डोळ्यांपुढं फिरत हुतं.

सहा जण माज्यासंगं थांबलं. दोघांनी पसरलंच. त्यांच्या बांधावर भोरड्या पडल्या, होलं पडलं, दारातल्या चिमण्याबी पडल्या. गुंडा त्यातला एक. आता हसत न्हाई, आमच्या बांधावरनं जाताना खाली बघून जातो.

आमी सात घरांनी मिळून एकेकाचं रान खुडलं, आठ दिस आधीच. दाणा वला हुता, खळ्यावर वाळवला. पीक निम्मंच हाती आलं, ह्ये तुज्यापासनं लपवत न्हाई. तानू तुज्या नावानं बोटं मोडती. पण वड्याकडंचा एक पट्टा तिनंच कुणाला खुडू दिला न्हाई.

परवा सकाळी भोरड्या डोंगरावरनं उठल्या. समदं आभाळ भरलं. एक येढा घेतला आणि खाली न बसता उत्तरंला गेल्या. आमी दोघं रानात हुबी हुतो.

तुज्या पुस्तकात बघून एक सांग. इतकी पाखरं त्यांच्या गावाला पोचली, की तिथली माणसंबी त्यांना दगडं मारत्यात का? तानू म्हणती, न्हाई, तिथं कुणीतरी वाट बघत असंल.

उत्तर धाड. आमच्या जिवाला त्याचीच वढ लागलीया.

तुजा दादा,
बिराप्पा