झाकणाखालचा कोळी

नांदेड,
गुरुवार, ऑगस्ट २०१९

प्रिय मन्मथ,

'प्रिय' लिहिलं ते हाताच्या सवयीनं. पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही म्हणून राहू देते, तू त्यावरून काही समजू नकोस. तुला फोन केला तर तू उचलत नाहीस आणि तुझ्या ऑफिसातली मुलगी दर वेळी 'सर लेक्चरवर आहेत' म्हणते. म्हणून हे पत्र. पंचशीला आमच्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, शनिवारी लातूरला माहेरी जाते. ती हे तुझ्या हातात देईल, ऑफिसात ठेवून येणार नाही. फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड.

परवा तू न कळवता माझ्या प्रयोगशाळेत आलास, दुसऱ्या वर्षाची पोरं समोर बसलेली असताना ओरडलास आणि मी एक शब्द बोलले नाही. तुला वाटलं असेल, हिच्याकडे बोलायला काही नाही. होतं. पण मंजुषा माझ्या शेजारी उभी होती, आणि तिचा बाप आणि तिची मॅडम तिच्या डोक्यावरून भांडताहेत हे तिनं बघावं असं मला वाटलं नाही. तू म्हणालास, 'माझ्यावरचा इतक्या वर्षांचा राग माझ्या पोरीवर काढलास. डॉक्टर होणाऱ्या पोरीला किडे धरायला लावलंस.' हे वाक्य तू गाडीत घोकून आला होतास, ते ऐकणाऱ्याला कळत होतं. तर त्याचं उत्तर आता ऐक. राग आहे. तो मी नाकारत नाही. तो कशाचा आहे, हे मात्र तू सोयीनं विसरलास.

लातूरच्या कॉलेजात आपण बी.एस्सी.ला होतो, तेव्हा सबंध वर्गात किड्यांना हात लावणारे आपण दोघंच. मी अनंतराव मास्तरांची मुलगी, तू कापडदुकानदाराचा मुलगा, खिशात कायम रिकाम्या काडेपेट्या. रेणापूरच्या रस्त्याला सायकली टाकून आपण शेणकिडे गोळा ढकलताना बघत बसायचो, ऊन डोक्यावर आलं तरी उठायचो नाही. लोक काय बोलायचे ते दोन्ही घरी पोचत होतं. आमचे वडील म्हणाले, 'किडे बघतात म्हणे. बघू द्या.' तुझ्या घरी काय बोलणं झालं ते तू कधी सांगितलं नाहीस. पाठीवर पिल्लं घेऊन पळणारी कोळ्याची मादी मला पहिल्यांदा तू दाखवलीस. नुसती दाखवली नाहीस. मला गवतात पालथं पडायला लावलंस, डोळे तिच्या पातळीला आणायला लावलेस. साडी-परकराच्या खोक्यांना आतून थर्माकोल लावून आपण पेट्या केल्या, वर काच बसवली. आत टाचणीवर भुंगेरे, चतुर, नाकतोडे, आणि प्रत्येकाखाली तुझ्या बारीक अक्षरात गावाचं नाव. त्या पेट्या तुमच्या दुकानाच्या माळ्यावर राहिल्या, कारण आमच्या दोन खोल्यांत त्यांना जागा नव्हती.

मग भूकंप झाला. किल्लारीकडच्या गावांत कॉलेजची पोरं मदतीला जायची, तशी आपणही गेलो. पत्र्याच्या शेड नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. तुला सरजाबाई आठवते की नाही, मला माहीत नाही. तिच्या घरातली सगळी माणसं गेली होती. ती कोणाशी बोलत नव्हती, समोर ठेवलेलं ताट तसंच राहायचं. तिच्या शेडमध्ये आतल्या बाजूनं पत्र्याच्या कोपऱ्यात एक कुंभारमाशी मातीचं घर बांधत होती. तू म्हातारीच्या शेजारी जाऊन बसलास आणि वर बघत राहिलास. मीही बसले. माशी यायची, ओल्या मातीची गोळी लावायची, पसरायची आणि जायची. बऱ्याच वेळानं म्हातारी म्हणाली, 'ही पानी कुठून आनायलीय? हितं तर टँकर बी आला न्हाई.' तू म्हणालास, 'तुमच्याच रांजणाखाली ओल हाय आज्जी, तिथनं.' मग तू तिला सगळं सांगितलंस. आत ती अंडं घालते, पिल्लाला खायला अळी आणून ठेवते, दार लिंपून निघून जाते आणि पिल्लू वाढलं की आपलं आपण भिंत फोडून बाहेर येतं. तू तिला धीर दिला नाहीस, उपदेश केला नाहीस. जे आहे तेवढंच सांगितलंस, आणि तिला समजेल याची तुला खात्री होती. त्या दुपारी ती भाकरी खाऊन उठली. पुढं मी आयुष्यभर शिकवत आले, मोठमोठ्या प्राध्यापकांची व्याख्यानं ऐकली. तसं शिकवताना मी कुणालाही पाहिलेलं नाही. तुला ते येत नसतं, तर मी तुझ्यावर रागावले नसते.

एम.एस्सी.ला दोघांनी औरंगाबादला जायचं ठरलं होतं. मी ट्रंक घेऊन लातूरच्या बसस्टँडवर उभी राहिले. तू आला नाहीस, तुझा धाकटा भाऊ बसवंत आला. चपलेच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, 'दादानं दुकानाच्या वर क्लास टाकलाय. येत न्हाई म्हणाला.' मी विचारलं, आणि पेट्या? तो म्हणाला, 'बाकडे मांडायला जागा पाह्यजे हुती. जाळल्या.' मी गाडीत बसले. भूकंपानंतर दुकान बसलं असेल, घरच्यांनी गळ्याची आण घातली असेल, आणखीही काही असेल. मला माहीत नाही, कारण तू कधी सांगितलं नाहीस. तू येणार नव्हतास, तर तेवढं येऊन सांगायचं होतंस. पेट्या नको होत्या, तर मला निरोप द्यायचा होतास. मी डोक्यावर घेऊन औरंगाबादला गेले असते. माझा राग तू क्लास काढल्याचा नाही. विचारल्याशिवाय जाळल्याचा आहे, आणि तेव्हा मला फक्त पेट्याच जाळल्यासारखं वाटलं नव्हतं. यावर याहून जास्त लिहिणार नाही.

तुझा क्लास वाढत गेला. लातूरच्या निकालांचं नाव झालं. उमरी-कंधारकडचे आई-बाप पोरांना वळकट्यांसकट तुझ्या दारात आणून सोडू लागले. इथं नांदेडलाही आमच्या गेटासमोर तुझा फलक सबंध उन्हाळाभर होता, हाताची घडी घालून हसणारा. तुझ्याकडे शिकून आलेल्या एका पोरानं आमच्या स्नेहसंमेलनात तुझी नक्कल केली. 'संधिपाद. सगळ्यात मोठा संघ. पायांना सांधे, अंगावर कवच. पुढे चला. यात अडकायचं नाही, यातून फार तर एक प्रश्न येतो.' सगळे हसले, मीही हसले, आणि घरी येऊन मला जेवण गेलं नाही. मोबाइलवर तुझी भाषणं फिरतात, त्यातलं एक कुणीतरी मला दाखवलं. त्यात तू म्हणतोस, 'भूकंपानं आम्हाला एकच शिकवलं, वेळ वाया घालवू नका.' कुठला वेळ वाया गेला होता, मन्मथ? सरजाबाईशेजारी बसलो होतो तो? त्या गावाचं नाव घेऊन तू पोरांना घाबरवतोस, याची मला किळस येते.

आता मंजुषाचं. तिला माझ्याकडे मी आणलं नाही. तुझ्या वर्गात ती बोलेनाशी झाली, म्हणून तूच तिला मेडिकलच्या 'नीट' परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी नांदेडच्या एका क्लासला ठेवलंस. ती आपल्या पायानं आमच्या कॉलेजात आली, तुला न सांगता आपणच प्रवेश घेतला. आडनावावरून मला काही सुचलं नाही, त्या आडनावाची माणसं आपल्या भागात गावोगाव आहेत. पहिल्या वर्षी दिवाळीनंतर एकदा ती कॉलेजच्या बागेत हनुवटी मातीला टेकवून पालथी पडलेली दिसली. मी विचारलं, असं बघायला कुणी शिकवलं गं? म्हणाली, 'अप्पांनी. मी लहान होते तेव्हा रविवारी गच्चीवर न्यायचे. टाकीवर उड्या मारणारे कोळी असायचे. अप्पा म्हणायचे, वरून बघितलं की नुसता किडा दिसतो, समोरून बघ, म्हणजे तो आपल्याकडे बघतोय ते दिसेल.' मी तिच्या वडिलांचं नाव विचारलं आणि तिथंच पायरीवर बसले. नंतर मी तिला बजावून सांगितलं, घरी खरं सांग. तिनं ते ऐकलं नाही. ती तुझ्या ओरडण्याला घाबरत नव्हती. तू रागावलास की दिवसच्या दिवस गप्प बसतोस, त्याला घाबरत होती. ते मला समजावून सांगायची गरज नव्हती. यंदा मार्क पडले नाहीत तेव्हा तू चौकशी केलीस, ती क्लासला जातच नव्हती हे तुला कळलं, आणि तू थेट माझ्यावर चालून आलास. पण हे वेड तिला मी लावलेलं नाही. ते तू लावलंस, गच्चीवर, तुझ्या क्लासमधलं कुणी बघत नसताना.

आणि तू परवा काय केलंस तेही तुला कळलं पाहिजे. या पावसाळ्यात कंधारच्या किल्ल्याच्या वाटेवर एका मातीच्या दरडीत तिला एका कोळ्याचं बीळ सापडलं. त्याला झाकण होतं, मातीचं आणि रेशमाचं, एका बाजूनं बिजागरी असल्यासारखं उघडणारं. मिटलेलं असलं की त्यावर बोट ठेवलं तरी कळू नये असं. त्या दरडीवरून मी दरवर्षी पोरं घेऊन जाते, मला ते कधी दिसलं नव्हतं. ती तिथं चिखलात बसून राहिली, झाकण कधी उचललं जातं ते बघायला. चार वेळा कंधारच्या एसटीनं एकटी गेली. पुण्याच्या तज्ज्ञांना फोटो पाठवले, तेव्हा त्यांनी उलट फोन केला. आपल्या भागातून असा कोळी आल्याचं त्यांना आठवत नव्हतं, नमुना पाठवा म्हणाले. तोच नमुना परवा टेबलावरच्या बरणीत होता. तू बरणी उचललीस तेव्हा मंजुषा एवढंच म्हणाली, 'अप्पा, नको.' तू नळ सोडलास आणि बरणी बेसिनमध्ये उपडी केलीस. 'सोमवारपासून माझ्या वर्गात, पहिल्या बाकावर,' असं म्हणालास आणि दार आपटून गेलास. पोरं खाली माना घालून बसली होती. मंजुषानं नळ बंद केला.

हे पत्र मी भांडायला लिहिलेलं नाही, जरी भांडून मला बरं वाटलं. मंजुषानं काल बॅग भरली. मी म्हणाले, तू सज्ञान आहेस, तुला कुणी ओढून नेऊ शकत नाही. ती म्हणाली, 'अप्पांना मी एवढं फसवलं, आता आणखी दुखवायचं नाही, मॅडम.' तिची भिंगं आणि चिमटे तिनं पुसून माझ्या कपाटात ठेवले, पहिल्या वर्षाच्या पोरींना द्या म्हणाली. सोमवारी ती तुझ्या वर्गात येऊन बसेल. हुशार आहे, घोकेल, कदाचित तुझ्या फलकावरही झळकेल. मन्मथ, तिला वर्गात घेऊ नकोस. तुझ्याकडे काही मागावं लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं, पण मागते. माझं ती ऐकत नाही. परत जा असं तू म्हणालास तरच ती येईल. कंधारच्या दरडीत अजून बिळं असतील आणि ती तिच्याशिवाय मला सापडणार नाहीत. तू म्हणशील अशी आशा मला का वाटते, तेही सांगते. ओतण्याआधी तू बरणी खिडकीच्या उजेडाकडे धरलीस, हळूच फिरवलीस आणि बोलता बोलता तुझं वाक्य अर्ध्यावर थांबलं. मंजुषाची मान खाली होती, तिला दिसलं नाही. मला दिसलं. आत कोण आहे ते तू ओळखलं होतंस. ओळखूनही नळ सोडलास, त्याची माफी माझ्याकडे नाही. पण तू ओळखलंस, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग.

कधीकाळी 'तुझीच' लिहून खाली सही करणारी,
देविका