जेवण जवळजवळ फुकट

मी, फिदेलिया कानुल पेच, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, कै. एर्मिलो सोसा यांची विधवा, धंदा सदरे शिवणे, राहणार सांतियागो पेठ, मेरिदा शहर, आज नोटरी श्री. एस्पादास यांच्या समक्ष, कोणाच्याही धाकाला अगर गोडबोलेपणाला बळी न पडता, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यासाठी त्यांनी मला, इकडे बाईमाणसाला मानाने "दोन्या" म्हणतात तसे, विचारले, "दोन्या फिदेलिया, आज वार कोणता?" मी म्हटले, "सोमवार. तुमच्या बाहीवर घेवड्याचा डाग आहे." सोमवारी या शहरात घरोघरी काळा घेवडा आणि डुकराचे मांस शिजते, त्याला डॉक्टरही अपवाद नाहीत. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत.

नोटरींचे म्हणणे असे की मृत्युपत्रात एवढा तपशील लागत नाही. त्यांच्या वडिलांच्या लग्नाचा सदरा मी शिवला होता, एका बाजूला बावीस चुण्या. तेव्हा ते लिहून घेत आहेत.

कलम पहिले. मला माझ्या भरतकामाच्या पांढऱ्या झग्यात पुरावे. फुले मंडईतली असावीत. नोव्हेंबरात मेलेल्यांसाठी पान मांडाल तेव्हा माझ्यापुढे दुकानातून आणलेले काही ठेवू नये. मी मेलेली असले तरी मला चव कळेल.

कलम दुसरे. शिवणयंत्र, दोन्ही इस्त्र्या आणि कापडाची मोठी कात्री माझी नात दानेली हिला. तिला शिवता येत नाही, हे मला माहीत आहे. शिकावे.

कलम तिसरे. माझ्या भावाचा मुलगा रेनान हा परदेशी लोकांना घरे विकून देण्याचा व्यवसाय करतो. माझ्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला तो केक घेऊन आला, आणि मी मेणबत्त्या विझवत असताना पुढची खोली टेपने मोजू लागला.

"आत्या, हे उंच छत, ह्या जुन्या फरश्या... सोनं आहे गं हे! एक जोडपं आहे, व्हँकुव्हरचं. डोळे मिटून पैसे देतील."

"डोळे मिटूनच द्या म्हणावं बाबा. वर बघितलं तर गळती दिसेल."

"गळतीसकट घेतात ते. त्यांना आवडतं तसलं."

मजकूर छत तीस वर्षे गळते आहे आणि त्याखाली एक निळी बादली आहे. सदर बादली रेनानला बेलाशक द्यावी. घरात त्याचा अन्य काही हक्क नाही. तो वाईट मुलगा नाही. आजारपणात त्याने मला दोनदा गाडीतून दवाखान्यात नेले, आणि दोन्ही वेळा वाटेत फक्त एकच घर दाखवायला थांबला.

कलम चौथे. माझे भाडेकरू मिस्टर वेंडेल ओस्टबी, वय ऐंशी, मूळ राहणार कॅनडा, यांच्याविषयी. हे कलम लांब आहे. नोटरींनी पाणी पिऊन घ्यावे.

एर्मिलो गेल्यावर दुसऱ्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहाच्या जानेवारीत, मी पुढच्या दोन खोल्या भाड्याने द्यायचे ठरवले. हे गृहस्थ तीन आठवड्यांसाठी म्हणून आले. सतरा वर्षे झाली. आपल्या गावी हायस्कुलात भूगोल शिकवायचे, पण आमच्या दारातून मंडईत जाताना पहिली चार वर्षे चुकत होते. पहिल्या रात्री झोळीतून, म्हणजे आम्ही ज्यात निजतो त्या जाळीच्या झोळीतून, तीनदा पडले आणि तिन्ही वेळा जमिनीला "माफ करा" म्हणाले. अशा माणसाला उपाशी ठेववत नाही. मी एक ताट पाठवले. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मग मला ते ताट वाढताना विचारही करावा लागेना.

त्यांनी माझ्या दानेलीला इंग्रजी शिकवले, एक पैसा न घेता. हे नोंदवणे न्यायाचे आहे, कारण त्याच इंग्रजीने त्यांचे पितळ उघडे पडले.

झाले असे. या जूनमध्ये दानेली फोनवर काहीतरी वाचत हसत आली. "आजी, मिस्टर वेंडेलचं पान आहे इथे! 'मेरिदात महिन्याच्या थोड्याशा पेन्शनीत राजासारखं कसं राहावं.' बारा वर्षं लिहितायत. हजारो लोक वाचतात."

"वाच बघू."

तिने वाचले. भाडे इतके. वीज इतकी, मे महिन्यात दुप्पट. केस कापणे इतके. आणि पुढे: जेवण, जवळजवळ फुकट, घरमालकीण रोज ताट पाठवते, ते हिशेबात धरू नका.

मी शिवत होते. सुई बोटात गेली. ते चहाला आले तेव्हा मी विचारले, "मिस्टर वेंडेल, तुमच्या त्या पानात मी कुठे आहे?"

ते लाल झाले. "दोन्या फिदेलिया, मी कौतुकानं लिहिलं होतं."

"कौतुकही फुकटच ना?"

त्यानंतर नऊ दिवस मी ताट पाठवले नाही. चौथ्या दिवशी त्यांच्या खोलीतून करपल्याचा वास आला. सोमवारी ते दारात येऊन उभे राहिले, शेजारच्या घरातून येणारा घेवड्याचा वास घेऊन परत गेले. दहाव्या दिवशी त्यांनी दानेलीला बसवून ते पान दुरुस्त केले. आता तिथे असे आहे: "जेवणाचा आधीचा आकडा चुकीचा होता. सतरा वर्षे एक बाई रोज दोन तास माझ्यासाठी चुलीपुढे उभी होती, आणि मी त्याला स्वस्ताई म्हणत होतो." त्या दिवशी मी लिंबाचे सूप पाठवले. चिकन कमी घातले होते, पण पाठवले.

गोष्ट इथे संपली असती तर हे कलम लिहायची गरज नव्हती.

पान दुरुस्त करताना त्यांनी जुनी पत्रे उघडली. त्यात एका बाईचे आभाराचे पत्र होते: तुमचे वाचून आम्ही दोन हजार सोळात तुमच्याच गल्लीत, तुमच्यापासून तिसरे, पिवळे घर घेतले. घरे ओळखण्यात ते कच्चेच, आणि पिवळा रंग नव्या लोकांनी दिलेला, म्हणून त्यांनी सहज दानेलीला विचारले, "त्या पिवळ्या घरात आधी कोण राहायचं?"

"आम्ही," दानेली म्हणाली.

माझी एकुलती एक मुलगी नेइदी त्या घरात अकरा वर्षे भाड्याने राहत होती. सकाळी स्वैपाकघरातून हाक मारली की तिला ऐकू जायचे. घर विकले गेले. गल्लीतली बाकीची भाडीही तोवर अशी वाढली होती की तिच्या नर्सच्या पगारात इथे एक भिंतसुद्धा मिळेना. ती नवऱ्याला आणि दानेलीला घेऊन शहराबाहेर काउसेलला गेली. तिथून दवाखान्यात यायला दोन बस लागतात. माझ्याकडे दानेली येत-जात असते, पण ती स्वतः महिन्यातून एकदाच येते, आणि खुर्चीच्या टोकावर बसते.

हे ऐकून मिस्टर वेंडेल संध्याकाळपर्यंत अंगणात चिकूच्या झाडाखाली बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून निघाले. काउसेलला जायला निघाले आणि विमानतळावर पोहोचले. तिथून पुन्हा मागे. दुपारी तीनला नेइदीच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मी खोल्या सोडतो. तुम्ही या."

नेइदीने त्यांना सावलीत बसवले, कलिंगडाचे सरबत दिले, आणि सांगितले, "मिस्टर वेंडेल, तुमच्या खोल्याच हव्या असत्या ना, तर मी तुम्हाला तेव्हाच झोळीसकट बाहेर ठेवलं असतं. मला आईनं विचारायला हवं होतं. ते तुमचं काम नाही."

हे त्यांनी मला जसेच्या तसे सांगितले. भाषा कच्ची असल्यामुळे त्यांना गोड करून सांगता आले नाही.

कलम पाचवे. म्हणून मी इथे कबूल करते. दोन हजार सोळात मी मिस्टर वेंडेलना "जा" म्हणाले नाही, कारण त्यांच्या भाड्यावर माझ्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. आणि नेइदीला "ये" म्हणाले नाही, कारण मला वाटले ती आपण होऊन म्हणेल. ती माझीच मुलगी, ती कशाला म्हणते! सात वर्षे मी गल्लीत सगळ्यांना सांगितले की परदेशी लोकांनी माझी मुलगी शहराबाहेर घालवली. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे आज या दस्तात घालत आहे.

सबब, माझे राहते घर, अंगण, विहीर व झाडासह, नेइदी सोसा कानुल हिला. मिस्टर वेंडेल यांनी मागची खोली, जिथे आज माझे शिवणकाम चालते, तहहयात वापरावी. भाडे नेइदी ठरवेल. त्यांनी यापुढे या शहराबद्दल "स्वस्त" हा शब्द लिहिल्यास त्यांचे ताट महिनाभर बंद. झोळी त्यांची त्यांच्याकडेच राहील. ती दुसऱ्या कोणाला आता बसणार नाही.

कलम सहावे. नेइदीने माझ्या मरणाची वाट न बघता घरी राहायला यावे.

इथे नोटरींनी लिहिणे थांबवले. म्हणाले, "दोन्या फिदेलिया, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. हे कलम कायद्यात बसत नाही."

"मग बसवा."

"मी कशाला? फोन करा ना तिला." आणि टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. पुढचे बोलणे साक्षीदारांनी ऐकले आहे, म्हणून ते दस्तात घ्यावे असा मी आग्रह धरला.

"नेइदी, मी आई."

"काय झालं? पडलीस?"

"नाही. मृत्युपत्र करतेय."

"मंगळवारी दुपारी?"

"नोटरींना हीच वेळ होती. ऐक. घरी राहायला ये."

मागे बसचा आवाज येत होता.

"तू मेल्यावर, का आत्ता?"

"आत्ता."

"सात वर्षं लागली तुला हे म्हणायला. मी ट्रकमध्ये सामान चढवत होते, आणि तू दारात उभी राहून मला काय सांगितलंस? 'कपबशा कागदात गुंडाळ.'"

"हो."

"तेवढंच म्हणालीस, आई."

"चुकलं माझं."

हे दोन शब्द मी एर्मिलोलासुद्धा कधी म्हणाले नव्हते. नोटरींनी खिडकीबाहेर पाहिले. मिस्टर वेंडेल मला सोडायला आले होते आणि बाहेरच्या बाकावर बसले होते, ते दारातून ओरडले, "शनिवारपर्यंत खोल्या रिकाम्या करतो!"

"कोण ते?" नेइदीने विचारले.

"कोण असणार?"

ती हसली का रडली ते बसमुळे कळले नाही. मग नाक ओढून म्हणाली, "आमचा फ्रिज मोठा आहे. तुझ्या पुढच्या दारातून आत यायचा नाही."

"मग दार काढू," मी म्हणाले.

नोटरींनी हे वाक्य कायद्याच्या भाषेत बदलू नये.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. दोन ठिकाणी मी तो सुधारून घेतला, एका ठिकाणी नोटरींना सुधारू दिला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, म्हणून खाली सही केली आहे.

ठिकाण: मेरिदा, युकातान
दिनांक: मंगळवार, १७ ऑक्टोबर २०२३

लिहवून घेणार: फिदेलिया कानुल पेच (सही)

साक्षीदार:
१. लिग्या मेदिना, औषधांचे दुकान, सांतियागो पेठ (सही)
२. अस्तेरियो उक, बर्फविक्रेता. यांनी सही करण्यापूर्वी शनिवारी ट्रक आणण्याचे कबूल केले आहे. (सही)

माझ्या समक्ष: एस्पादास, नोटरी (सही व शिक्का)