गल्ली हिरवी करण्याचा कार्यक्रम

५ जानेवारी, सकाळी
काल लेक आणि जावई येऊन गेले. लेकीने मोबाईलवर पोलिसांचा नकाशा दाखवला. सगळं शहर रंगवून ठेवलंय. सुरक्षित ते हिरवं, बरं ते पिवळं, धोक्याचं ते लाल. तिची सोसायटी हिरवी, आपली गल्ली पिवळी. म्हणाली, आई, आता पुरे झालं. फ्लॅट विकू आणि तू आमच्याकडे ये. मी म्हटलं, लग्न होऊन आले तेव्हापासून इथे राहतेय, साधी टाचणी चोरीला गेली नाही. ती म्हणाली, गेली असेल, तुला कळलं नसेल.
खूप वादावादी. शेवटी ठरलं की फेब्रुवारीअखेर गल्ली हिरवी झाली तर ती विक्रीचं नाव काढणार नाही. जावई चहाच्या कपात बघून हसले. हसू देत.
संकल्प: गल्ली हिरवी करणे. वेळ भरपूर आहे.

६ जानेवारी
चौकीत गेले. हवालदार अगदी कोवळा, नुकती मिशी फुटलेला. विचारलं, आमच्याकडे गस्त का येत नाही? म्हणाला, मावशी, तुमच्या गल्लीतून तक्रारच येत नाही, साहेब माणूस कशाला पाठवतील?
इतकं सोपं! तक्रारी वाढल्या की गस्त येणार, गस्त आली की चोर पळणार, चोर पळाले की गल्ली हिरवी. घरी येईपर्यंत योजना तयार.
शाळेत मी मॉनिटर होते. सिस्टर म्हणायच्या, जे पाहिलं ते सांगणं म्हणजे चुगली नव्हे. बाकीच्या मुलींचं मत वेगळं होतं. असो.

९ जानेवारी
शुभारंभ स्वतःपासून. दाराबाहेरचं पायपुसणं नाहीसं झालंय. रीतसर तक्रार दिली.
संध्याकाळी पायपुसणं गच्चीवर सापडलं. मीच धुऊन वाळत घातलं होतं. हवालदाराला फोन केला तर म्हणाला, आता राहू दे मावशी, मागे घ्यायला जास्त खटाटोप आहे. राहू दिलं.

१२ जानेवारी
समोरच्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांचं दुकान माझ्या खिडकीच्या बरोबर समोर. रोज सकाळी मी पडदा सारते, ते मशीनवरून मान वर करतात, की दिवस सुरू. लेकीचे शाळेचे फ्रॉक दरवर्षी तेच दुमड उसवून लांब करायचे. ह्यांचा राखाडी कोट अजून त्यांच्याकडेच आहे. बाही आखूड करायला दिला होता, ह्यांच्या शेवटच्या आजारपणाआधी. मी मागत नाही, ते देत नाहीत.
तक्रार द्यायला तयार होईनात. म्हणाले, ताई, माझ्याकडचं काय नेणार चोर? सुई? मग फार आग्रह केल्यावर आठवलं की मोठी कात्री बरेच दिवस दिसत नाही. लिहून घेतलं.
वरच्या वहिनी मात्र उत्साही. जेवणाआधी तीन तक्रारी तयार: एक चप्पल (डावी), एक कुंडी, आणि जिन्यात घुटमळणारा संशयित इसम. इसम नंतर त्यांचा धाकटा दीर निघाला. तरी त्या म्हणाल्या, मला तो आधीपासूनच संशयित वाटतो.

१९ जानेवारी
गस्त सुरू! हवालदार रोज येतो, माझ्याकडे चहा घेतो. बिस्किटं संपत आली.
भाजीवाली विचारत होती, तुमच्या गल्लीत झालं तरी काय? मी म्हटलं, काहीच नाही. ती म्हणाली, उगाच का पोलीस येतात? उद्यापासून कोपऱ्यावरच थांबेन, तुम्ही तिथे या.
वहिनींनी दाराला दुसरं कुलूप बसवलं. मुलं खाली खेळायला येत नाहीत. दुपारी इतकं शांत की माझ्या घड्याळाची टिकटिक शिंपीकाकांना ऐकू जावी. शांतता म्हणजेच सुरक्षितता. प्रगती आहे.

२८ जानेवारी
नकाशा पाहिला. गल्ली लाल. साधी लाल नाही, लग्नातल्या शालूसारखी गडद.
तडक चौकीत. हवालदार म्हणाला, मावशी, नकाशा तक्रारी मोजतो, त्याला चोऱ्या कुठे दिसतात? मी म्हटलं, हे आधी नाही का सांगायचं? म्हणाला, तुम्ही गस्तीचं विचारलं होतं.
लेकीचे चार फोन. उचलले नाहीत. घसा बसलाय.

२ फेब्रुवारी
योजना दुसरी: तक्रारी मागे घेणे.
वहिनी ऐकेनात. म्हणाल्या, भलतंच काय! इथे चोऱ्या वाढल्यात हे मला अगदी खात्रीच्या माणसाकडून कळलंय. कोणाकडून, विचारलं. म्हणाल्या, तुमच्याकडून.
शिंपीकाकांची कात्री गठ्ठ्याखाली सापडली. पण ते म्हणाले, ताई, आता मन लागत नाही. गिऱ्हाईक अंधार पडायच्या आत पळतं. मुलगा म्हणतो, मशीन घेऊन माझ्याकडे या. मी म्हटलं, काका, अहो काही झालेलंच नाही इथे! ते म्हणाले, ते मलाही माहीत आहे, ताई.
समजूत पटली असावी.

८ फेब्रुवारी
पटली नव्हती. आज टेम्पो आला. मशीन नेलं. जाताना काकांनी कोट आणून दिला, इस्त्री करून. बाही आखूड केलेली होती. कधीचीच.

११ फेब्रुवारी
विजय! जावई बोलता बोलता बोलून गेले. त्यांच्या हिरव्या सोसायटीतून त्यांची सायकल गेली. शेजाऱ्यांची तर गाडीची चाकं गेली. तक्रार कोणीच केली नाही, कारण कमिटी म्हणते, फ्लॅटचे भाव पडतात.
लेकीला लगेच फोन. म्हटलं, हा बघ तुझा हिरवा रंग! ती म्हणाली, बरं आई, जिंकलीस. राहा तिथेच. मी पुन्हा विषय काढणार नाही.
माझं घर माझंच. आज शिरा करून एकटीने खाल्ला.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
बेल वाजली. कुरिअरवाला आहे, म्हणत होता. म्हणायला काय, कोणीही म्हणेल. दार उघडलं नाही. तो खोकं ठेवून गेला. खोकंही आत घेतलं नाही.
दाराला खुर्ची लावली. फक्त वारा येतो म्हणून.

१३ फेब्रुवारी
पडदा सारला नाही. समोर बघण्यासारखं काही नाही.
हवालदार येईना. त्याची बदली झाली म्हणे. वहिनी माहेरी गेल्या, कुलपांसकट.

१५ फेब्रुवारी
लेकीला फोन केला. हवापालट म्हणून चार दिवस येते म्हटलं. चारच. ती म्हणाली, निघालेच.
बॅग भरून बसले. बेल वाजली. विचारलं, कोण? म्हणाली, मी. मी कोण? आई, अगं मी! आवाज तिचाच होता, पण हल्ली आवाजाचं काय सांगावं. तिला चौथीतला रोल नंबर विचारला. तिला आठवेना. मलाही आठवेना. बाहेर ती हसायला लागली, मग हसणं थांबलं.
खुर्ची सरकवली. वरचं कुलूप निघालं. साखळी काही केल्या निघेना, थंडीने बोटं आखडलीत. ती बाहेरून म्हणत होती, सावकाश काढ, आई. मी इथेच आहे. कुठे जात नाही.
मी म्हटलं, हळू बोल ना गं. कोणीतरी ऐकेल.